माळकऱ्याची वाइन

कोठारेंनी ग्लास उजेडाकडे धरला, गोल फिरवला, नाक आत खुपसलं, एक घोट तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा खुळखुळवला आणि बादलीत थुंकला. मग त्यांनी असं तोंड केलं, की जणू आम्ही त्यांना कारल्याचा रसच पाजला होता.

"नाना, गेली हो," ते म्हणाले. "सांगायला वाईट वाटतं, पण गेली."

"गेली म्हणजे?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"आंबायला लागलीय. आणखी वर्षभर ठेवलीत तर लोणच्यात घालायच्या कामाची."

मी टाकीच्या शिडीवर उभी होते. खाली उतरून तो ग्लास त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. कारण वाइन गेली नव्हती. त्याच सकाळी मी ती चाखली होती.

"पण वास तर बरा येऊ ऱ्हायला," नाना चाचरत म्हणाले.

"वासाचं काय घेऊन बसलात? वाइन जिभेवर कळते." कोठारे हसले. "तुम्ही तर घेत नाही. मग घरात चाखली कोणी?"

"कोणी नाही, कोणी नाही," नाना घाईघाईने म्हणाले. "आमच्या घरात कोण चाखणार?"

माझे वडील, एकनाथ बोरस्ते, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आणि अशा माणसाची दिंडोरीच्या अलीकडे, बागेच्या बांधाला लागून, स्वतःची वाइनरी होती. एका कंपनीने आमच्या भागात वाइनची द्राक्षं लावायला लावली, काही वर्षं उचलली आणि एका हंगामात पाठ फिरवली. ती द्राक्षं खायला कामाची नाहीत, बाजारात कोणी विचारत नाही. नाना जिद्दीचे. त्यांनी शेड उभारली, परवाने काढले, टाक्या आणल्या आणि म्हणाले, "मी फक्त रस भरून ठेवतो. पुढं त्याचं काय होतं ते त्याचं तो बघंल."

त्या रसाचा एक थेंब त्यांनी कधी जिभेवर ठेवला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता सगळा. माझे चुलते, शेजारच्या वस्तीवरचे भाऊकाका, भजनाला बसता बसता त्यांना टोमणे मारायचे, "नाना, पखवाज वाजवायला या, का टाकी हालवायची ऱ्हायली?" नाना ऐकून घ्यायचे.

मला त्यांनी नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि पुढे वाइन करण्याचा कोर्सही करू दिला. गावात सांगितलं, पोरगी मशिनवर लक्ष ठेवते. पण वाइन मशिनवर होत नाही. ती कधी दाबायची, कधी गाळायची, लाकडी पिंपात किती दिवस ठेवायची, हे जीभ सांगते. म्हणून मी टाकीच्या मागे जाऊन चाखायची, थुंकायची आणि वर वेलची चघळायची. वेलचीची डबी प्रयोगशाळेत आई भरून ठेवायची. ती तिथे कशाला लागते, असं तिने कधी विचारलं नाही.

आणि टेबलावर आंबटपणा मोजायचं मीटर होतं. नानांना काहीही विचारायचं असलं, की ते दारातून विचारायचे, "सारिका, मीटर काय म्हणतंय?" आणि मी जिभेला कळलेलं सगळं मीटरच्या नावावर सांगायची. मीटर म्हणतंय, अजून चार दिवस थांबा. मीटर म्हणतंय, या पिंपात ठेवू नका. आंबटपणा मोजणाऱ्या यंत्राला एवढं कसं कळतं, हा प्रश्न नानांनी कधी केला नाही. मला वाटायचं, भाबडे आहेत.

मधे ते मीटर बंद पडलं. नाना स्वतः ते नाशिकला घेऊन गेले, आठवड्याने परत आणलं आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "झालं दुरुस्त." मी लावून पाहिलं तर पडदा कोराच. दुकानदाराने म्हाताऱ्याला टोपी घातली, असं समजून मी गप्प बसले. आंबटपणा मोजायला काचेची नळी होती माझ्याकडे, आणि चवीला जीभ. बंद मीटर माझ्या पथ्यावरच पडलं.

त्या वर्षीची शिराझ, त्याच नावाच्या काळ्या द्राक्षांची, ही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेली पहिली वाइन. एका टाकीत मावेना म्हणून दोन टाक्यांत भरली होती. आणि नेमकं त्याच वर्षी, जे हॉटेलवाले दरसाल माल उचलायचे त्यांनी निम्म्यावर हात वर केले. शिराझच्या दोन्ही टाक्या तशाच राहिल्या. माल वाईट म्हणून नव्हे, जास्त झाला म्हणून. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

कोठारेंचा धंदाच तो होता. छोट्या वाइनरींत उरलेला माल टँकरने उचलायचा. "तुमचं ओझं मी हलकं करतो," असं ते म्हणायचे, देणगी देत असल्यासारखं.

त्या दिवशी ते गाडीकडे फोनवर बोलायला गेले तेव्हा नाना शिडीखाली आले. हळूच विचारलं, "मीटर काय म्हणतंय?"

"मीटर म्हणतंय, उत्तम आहे. नाना, आजवर इतकी चांगली आपल्याकडे झाली नव्हती."

"ते तर गेली म्हणतात."

"मीटर खोटं बोलत नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्यांची जीभ मुंबईची हाये, सारे," ते म्हणाले. आणि पहिली टाकी व्हिनेगरच्या भावात गेली. व्हिनेगर करणाऱ्याकडेच पाठवतो, असं कोठारे म्हणाले होते.

संध्याकाळी जेवताना नाना म्हणाले, "दुसरी टाकीबी अशीच गेली तर येत्या हंगामाला द्राक्षं दाबायची नाहीत. शेड कांदेवाल्याला भाड्यानं देऊ." आईने भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं. मी उठून गेले. माझी वाइन, माझं शिक्षण, माझं सगळं आयुष्य त्या शेडमध्ये होतं आणि तिथे कांदे भरायचे होते!

दिवाळीनंतर मी पुण्याला मुग्धाकडे गेले. कॉलेजातली मैत्रीण, आयटीत नोकरी. मी आले म्हणून तिने कौतुकाने एक बाटली बाहेर काढली.

"लेबल नाहीये, पण नाक मुरडू नकोस," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसात सगळे हीच मागवतात. एक साइट आहे. चांगल्या वाइनरीत जास्त झालेला माल, थेट तिथून, निम्म्या किमतीत."

"निम्म्या म्हणजे?"

तिने सांगितलं. ती निम्मी किंमतही नानांना मिळालेल्या भावाच्या कितीतरी पट होती. तरी मला अजून काही कळलं नव्हतं. मी तिच्या स्टीलच्या पेल्यात थोडी ओतून घेतली, सवयीने तोंडात फिरवली, आणि थुंकायला बेसिनकडे जायचं सोडून घोट तोंडात तसाच धरून उभी राहिले.

आपल्या आईच्या हातची आमटी परक्या घरात वाढली तर ओळखू येणार नाही का? तशीच ती मला ओळखू आली. आमच्या वरच्या बागेतल्या मुरमाड जमिनीचा तो कोरडेपणा, आणि शेवटी मागे राहणारी जांभळासारखी तुरट चव. ती राहावी म्हणून मी पिंपं दोनदा बदलली होती. माझीच वाइन होती. लोणच्यात घालायच्या लायकीची!

"साइट दाखव," बेसिनमध्ये थुंकून मी म्हणाले.

मुग्धाने लॅपटॉप उघडला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही शिराझ एका नावाजलेल्या वाइनमेकरच्या हातची आहे, मात्र कराराच्या अटीमुळे त्यांचं नाव देता येत नाही. खाली संपर्काला मोबाइल नंबर होता. तो नंबर आमच्या शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता. कोठारेंचा.

मला हसू आलं आणि मग असा राग आला की मी लॅपटॉप धाडकन मिटला. माझं नाव कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याला कराराने, माझ्या बापाला माळेने. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

मी ती बाटली पिशवीत घालून पहिल्या गाडीने घरी निघाले. पोचले तेव्हा कोठारेंची गाडी अंगणात उभी. दुसऱ्या टाकीसाठी आले होते. नाना आणि ते ओट्यावर चहा पीत बसले होते आणि नाना सांगत होते, "पुढच्या आठवड्यात निफाडचे पाहुणे येणार हायेत आमच्या सारिकाला बघायला. घर चांगलं हाये. माळकरीच हायेत."

"वा वा!" कोठारे म्हणाले.

मी पिशवीतून बाटली काढून दोघांच्या मधे ठेवली. चहाची बशी हिंदकळली.

"ही कोणाची आहे, कोठारेसाहेब?"

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माणूस मुरलेला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "माझ्या साइटवरची दिसते. का? आवडली का?"

"ही आमच्या पहिल्या टाकीतली आहे."

"अहो, तुमची गेली व्हिनेगरला. मी दहा वाइनरींचा माल घेतो. ही तुमचीच कशावरून? वर नाव लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण आमचीच आहे."

"कोण म्हणतं?"

नाना ओट्याच्या कडेला सरकले. "सारिका," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला तेव्हा न कळलेली घाई होती, "मीटरनं सांगितलं असंल ना? मीटर लावलंस ना तू?"

ते मला दार उघडून देत होते. मी एवढंच म्हणायचं होतं, हो, मीटरनं सांगितलं. पण त्या मीटरच्या नावाचा मला इतका वीट आला होता!

"नाही," मी ओरडले. "मीटरनं नाही. जिभेनं. माझ्या जिभेनं! मी चाखली. हीच नव्हे, या शेडमधली प्रत्येक वाइन मी चाखलीय. त्याशिवाय ती होते का? हा माणूस खोटारडा आहे, नाना. चांगली वाइन वाईट म्हणून घेतो आणि चांगली म्हणून विकतो."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं काहीतरी पडलं.

कोठारेंनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान ओशाळतील. पण त्यांचा चेहरा उजळला.

"अस्सं. म्हणजे घरात चाखणारं आहे तर कोणीतरी." ते नानांकडे झुकले आणि अगदी घरच्यासारखे म्हणाले, "तुम्ही मुळीच काळजी करू नका, नाना. निफाडकडे माझंही जाणं-येणं असतं, पण माझ्या तोंडून शब्द बाहेर जायचा नाही. मुलीची जात. आपण समजून घ्यायचं."

नानांचा हात माळेवर गेला.

"आणि त्या दुसऱ्या टाकीचं," कोठारे म्हणाले, "मागचाच भाव धरू. चालेल ना?"

"उद्या सकाळी टँकर धाडा," नाना म्हणाले.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग नानांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"परक्या माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवलात ना? पोटच्या पोरीच्या जिभेवर नाही."

"तसं नाही, सारे."

"मग कसं? तुम्हाला खरंच वाटतं माझी वाइन आंबलीय?"

"नाही."

"काय नाही?"

"आंबली नाही. मला माहिती हाये." ते बाटलीकडे बघत होते. "पहिल्या टाकीच्या वेळीबी माहिती होतं. तूच सांगितलं होतंस."

"मी नाही. मीटरनं सांगितलं होतं," मी चिडून म्हणाले.

नानांनी बाटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "ते मीटर कवाच मेलंय. नाशिकचा दुकानदार म्हणाला होता मला, नाना, याच्यात काही राम नाही, फेकून द्या."

"मग परत का आणलंत? दुरुस्त झालं म्हणून का सांगितलंत?"

"टेबलावर काहीतरी पाहिजे ना," ते म्हणाले. "विचारायला."

म्हणजे भाबडी मी होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी कुठे उभी राहून चाखते, कशाला वेलची चघळते, सगळं. माझ्या जिभेवर त्यांचा एवढा भरवसा होता की तिच्या शब्दावर ते हंगामच्या हंगाम काढत होते. फक्त ती जीभ माझी आहे, हे चार माणसांत म्हणायचं नव्हतं. कोठारे "घरात चाखली कोणी" म्हणाले तेव्हा पोरीचं नाव घ्यायला लागू नये म्हणून त्यांनी माझी चांगली वाइन नासकी म्हणून देऊन टाकली. आणि आता दुसरी टाकी त्या माणसाचं तोंड बंद करायला निघाली होती.

भरवसा नसता तर मी समजून घेतलं असतं. हे मला समजून घेता येईना.

"तुमच्या अब्रूसाठी केलंत हे," मी म्हणाले.

"तुझ्या," नाना म्हणाले. "पोरगी दारू चाखते म्हणल्यावर कोण करून घेईल तुला?"

"मला नका घालू त्यात. मी मागितली नव्हती असली अब्रू!"

त्यावर ते उठून बागेकडे गेले.

सकाळी टँकर आला. आमच्याकडे टँकर आला की वस्ती गोळा होते. बागेतल्या बाया आल्या, भाऊकाका दात घासत आले, त्यांच्यामागे त्यांच्या भजनातले दोघे. ड्रायव्हरने पाइप ओढत आणून टाकीला जोडायला घेतला. नाना जरा बाजूला उभे होते, कोणाच्या मयतीला आल्यासारखे.

मी स्वयंपाकघरातून पेला आणला. शेडमध्ये ग्लास होते, चाखायचे, नाजूक दांड्याचे. पण मला घरातला पेला पाहिजे होता, ज्यातून आम्ही पाणी पितो तो. ड्रायव्हरला म्हटलं, "सरका." टाकीचा छोटा नळ उघडला, पेला काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या मधे, अंगणात येऊन उभी राहिले.

"सारिका," आई दारातून म्हणाली. नको असं ती म्हणाली नाही. नुसतं नाव घेतलं.

मी तो पेला तोंडाला लावला आणि प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी वाइन थुंकले नाही. सगळी प्यायले, बाहीने तोंड पुसलं.

"अरे देवा!" भाऊकाकांच्या तोंडातली मशेरी धोतरावर सांडली. "नाना, पोरगी दारू पिऊ ऱ्हायली की तुझी! सगळ्यांदेखत!"

"सगळ्यांदेखतच प्यायची होती, काका," मी म्हणाले. "आजवर नुसती चाखत होते, तीही लपून. ही मी केलीय. नानांनी नाही, मशिननं नाही. मी. निफाडला कळवायचं असेल तर कळवा. फोन नंबर आहे ना तुमच्याकडे?"

बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यातली एक हसत होती, ते मी पाहिलं.

मग मी नानांकडे वळले. "आता कोठारेला गप्प ठेवायची गरज उरली नाही, नाना. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही मी. आता द्यायची तर द्या टाकी त्याला. पण मग नासकी आहे म्हणून द्या, माझ्या अब्रूपायी म्हणून नको."

भाऊकाका काहीबाही बोलत होते, माळेचं, कुळाचं, आजोबांचं. नाना ऐकत होते की नाही कोण जाणे. ते टाकीकडे बघत होते. मग चालत ड्रायव्हरजवळ गेले.

"पाइप काढ," ते म्हणाले.

"अहो, पण साहेबांनी..."

"तुझ्या साहेबाला सांग, माल चांगला हाये. त्या भावात देत नाही."

निफाडचे पाहुणे आले नाहीत. ती टाकी पुढे आम्हीच बाटल्यांत भरली. मुग्धाने साइट करून दिली, आणि तेव्हापासून जास्त झालेला माल आम्ही थेट, स्वस्तात आणि नावासकट विकतो. प्रत्येक बाटलीवर माझी सही असते. ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी टँकर रिकामाच वळला आणि धूळ खाली बसली, तरी माणसं हलली नव्हती. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हात माळेवर नव्हता, दोन्ही बाजूंना मोकळे सोडले होते. भाऊकाका, भजनातली माणसं, बागेतल्या बाया, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला विचारलं,

"कशी झालीय?"

हाच प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं टाकीमागे उभी राहिले होते. पण राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"मीटरला विचारा," मी म्हणाले, आणि रिकामा पेला त्यांच्या हातात देऊन घरात गेले.